मावशी घसरल्या त्या जागेची फरशी

मे महिन्यात आमच्या कारखान्याच्या कँटीनमधल्या भांडी घासायच्या जागेत एक मावशी घसरल्या. हातात गरम पाण्याचं पातेलं होतं. मनगट मोडलं आणि मांडीवर भाजलं ते वेगळंच. मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या, पण संभाजीनगरजवळच्या वाळूजला राहून आता बरीच वर्षं झाली, कामाला एकदम चोख बाई. त्यांना रिक्षात बसवायलो तर त्या एकच म्हणायल्या, "पाय कसा सटकला कळलंच नाही बाबा, आत्ताच तर धुतली होती मी फरशी." त्या रात्री मला झोप नाही लागली. मी मेंटेनन्सला आहे, म्हणजे ती फरशी माझ्याच जबाबदारीतली, आणि आत्ताच धुतलेल्या फरशीवर माणूस पडतो म्हणजे नेमकं काय चुकायलंय हे शोधल्याशिवाय मला गप्प बसवेना.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच, फरशी बदला. दोन टाइल्सवाले सॅम्पल घेऊन आले. त्यातला एक म्हणला, सर ही अँटीस्किड आहे, आर-९ आहे, बिनधास्त टाका. आता हे नीट समजून घ्या, कारण इथं लई जण फसतात. ९ हा आकडा मोठा वाटतो पण फरशी पाय किती धरून ठेवते याच्या या मापात आर-९ ही सगळ्यात खालची पायरी आहे. जर्मन पद्धतीची चाचणी आहे ही, फरशी एका फळीवर लावतात, तिच्यावर इंजिन ऑइल ओततात, सेफ्टी बूट घातलेला माणूस तिच्यावर पुढं-मागं चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. ६ ते १० अंशातच पाय सुटायला लागला तर आर-९, १० ते १९ मध्ये आर-१०, १९ ते २७ ला आर-११, ३५ पर्यंत आर-१२ आणि त्याच्या वर आर-१३. म्हणजे आर-९ ऑफिसच्या कोरड्या पॅसेजला ठीक, पण जिथं वरणाची पातेली धुतात तिथं ती टाकणं म्हणजे पुढच्या माणसाला पाडायची सोय करणं. आणि हा आकडा कोऱ्या फरशीचा असतो, वर्षभर वापरलेल्या फरशीचा नाही. बसवलेली फरशी तपासायची तर पेंड्युलमची चाचणी असते, रबर लावलेला एक दांडा झुलत येऊन ओल्या फरशीला घासून जातो आणि रीडिंग मिळतं. ३६ किंवा वर आलं तर घसरायचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ आणि खाली म्हणजे धोक्याची जागा.

पण ऑर्डर द्यायच्या आधी म्हणलं एकदा स्वतः खाली बसून बघू. दुपारचं जेवण उरकल्यावर नालीच्या जाळीजवळ उकिडवा बसलो आणि जुन्या हॅक्सॉ ब्लेडनं टाइल खरवडली. ब्लेडच्या टोकावर करड्या रंगाचा, ओशट, सायीसारखा थर गोळा झाला. बोटात धरून चोळला तर लोण्यासारखा बुळबुळीत, आणि त्याखाली निघालेली टाइल बघा, बारीक दाण्यांची, चांगली खरखरीत, तळहाताला टोचणारी! म्हणजे फरशी आधीपासूनच अँटीस्किड होती, आम्ही रोज धुऊन धुऊन तिचे दाणे बुजवले होते.

हे कसं होतं सांगतो. ओल्या फरशीवर पाय पडला की चप्पल आणि फरशीच्या मधे पाण्याचा पातळ पडदा राहतो, टाच त्या पडद्यावर तरंगते आणि पाय जातो. खरखरीत फरशीचे दाणे त्या पडद्यातून वर डोकावून चपलेच्या तळाला धरतात, एवढंच त्याचं काम. तेल पाण्यापेक्षा घट्ट, म्हणून तेलाच्या जागी दाणे जास्त उंच लागतात. दाण्यांमधल्या खाचा भरल्या की सगळं संपलं. आणि आमच्याकडं खाचा कशानं भरतात? एक तर तळणाचं तेल. दुसरं, बोअरचं जड पाणी, त्यातल्या क्षारांची आणि साबणाची गाठ पडली की फेस होत नाही, चिकट साका बसतो. मग फेस येईना म्हणून आपण आणखी पावडर टाकतो. आणि तिसरं, पाणी वाचवायची सवय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचं लातूर ज्यांनी बघितलंय त्यांना ही सवय कोणी शिकवावी लागत नाही. मावशींच्या हाताला एका बादलीत अख्खी खोली पुसायचं वळण आहे आणि मी त्याला चूक म्हणणार नाही, घरात ते सोन्यासारखं वळण आहे. पण कँटीनमधे तीच बादली, तोच पोछा फिरवला की तळणाच्या कोपऱ्यातलं तेल उचलून सगळ्या खोलीभर सारखं पसरतं. चूक त्यांची नव्हती, आम्ही कोणी त्यांना दुसरं काही दिलंच नव्हतं.

आता धुतो ते असं. आधी खरकटं कोरडंच झाडून घ्यायचं, सांडलेलं तेल कागदानं किंवा भुश्श्यानं टिपायचं, पाणी ओतायचं नाही. मग डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढायचं द्रावण, डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाचं झाकण दोरीनं डब्यालाच बांधून टाकलंय कारण अंदाजानं टाकलं की जास्तच पडतं आणि उरलेला साबण पुन्हा फरशीवरच बसतो. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, वाळू द्यायचं नाही. मग लांब दांड्याच्या कडक ब्रशनं घासायचं, पोछा या कामाला बादच केला, कपडा दाण्यांच्या वरून जातो, खाचेत शिरतच नाही. वायपरनं सगळं मळकं पाणी नालीत लोटायचं आणि शेवटी एकदा स्वच्छ पाणी मारून परत वायपर. हे शेवटचं पाणी वाचवू नका, हात जोडून सांगतो. बाकी कुठंही वाचवा. आम्ही आधी झाडून आणि टिपून घ्यायला लागलो तेव्हापासून एकूण पाणी पहिल्यापेक्षा काही फार जास्त लागत नाही.

ॲसिड मात्र टाकू नका. आपल्याकडं फरशी पांढरी करायची म्हणलं की ॲसिडची बाटली निघते. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड पडलं की फसफसून वरचा थर विरघळतो, टाइल असली तर सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि त्या फटीत परत तेल. पॉलिश आणि वॅक्सचं पण तेच, सेफ्टी फरशीवर चमक आणली की ती सेफ्टी राहत नाही.

तळणाच्या भट्टीपुढची जागा मात्र खरंच बदलली, तिथली टाइल झिजून काचेसारखी झाली होती. एपॉक्सी, म्हणजे फरशीवर ओतून घट्ट होणारा रसायनाचा थर, करा म्हणणारे बरेच भेटले, पण नुसती गुळगुळीत एपॉक्सी तेलाखाली फार वाईट, आणि खरखरीसाठी वरून वाळूसारखे दाणे टाकलेले असले तरी ते फक्त वरच असतात, झिजले की गेले, शिवाय उकळतं पाणी पडलं की एपॉक्सी मऊ पडते. म्हणून गरम पाण्याच्या जागी पीयू काँक्रीट, म्हणजे पॉलियुरेथेन मिसळलेलं काँक्रीट, घेतलं, खरखरीत फिनिशचं. सेफ्टी व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची अंथरायची शीट पण चांगली असते, तिच्यात क्वार्ट्झ किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे आतपर्यंत मिसळलेले असतात, ब्रिटनमधे ऑल्ट्रो कंपनीनं १९४७ मधेच अशी फरशी काढली होती. ती आम्ही पॅन्ट्रीत घेतली. घ्यायच्या आधी जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवला, जमिनीतल्या ओलीचा खाली घाम आला असता तर शीट उचकटून आली असती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर-१३ मिळतेय म्हणून आर-१३ घेऊ नका. जेवढी खरखर जास्त तेवढं घासणं जास्त, पाणी जास्त, आणि मार्च ते जून टँकरवर असलेल्या जागेत ते होत नाही, मग तीच महागडी फरशी दोन महिन्यांत आमच्या टाइलसारखी होते. काय सांडतं हे जसं बघता तसं धुवायला पाणी किती आहे तेही बघूनच आकडा ठरवा. आम्ही भट्टीपुढं आर-१२ ठेवली, बाकी आर-११. आणि सॅम्पल आणलं की त्याच्यावर तुमचंच तेल, तुमचंच पाणी ओता, तुमच्या लोकांच्या पायात जी चप्पल असते ती घालून उभं राहून बघा. उतार पण त्याच वेळी मिस्त्रीकडून करून घ्या, मीटरला साधारण १२ मिलीमीटर नालीकडं, नाहीतर पाणी तिथंच साचून राहतं.

कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात, कलम ३२ मधे, पाय घसरेल असं काही फरशीवर राहू देऊ नका असं स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य मी मावशी पडल्यावर वाचलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मावशी ऑगस्टमधे कामावर आल्या. मनगट अजून पूर्ण वळत नाही. पहिल्याच दिवशी ब्रश हातात घेऊन म्हणल्या, दांडा लई लांब आहे, खांद्याला ओढ बसायली. वर्कशॉपमधे नेऊन चार इंच कापून दिला. आता तो ब्रश त्यांनी वेगळ्या खिळ्याला टांगलाय, बाथरूमला कुणी न्यायला लागलं तर नेऊ देत नाहीत.