पॅनकेक मिक्सचे स्कोन: बटर गार, हात हलका

स्कोन म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला, आत पदर असलेला छोटा पावासारखा पदार्थ. मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर हे सगळं बहुतेक पॅनकेक मिक्समध्ये आधीच असतं. त्यामुळे स्कोनसाठी लागतं फक्त बटर आणि दूध. फुगावेत म्हणून वरून आणखी बेकिंग पावडर घालू नका, चव कडवट होते.

सहा स्कोनसाठी प्रमाण: मिक्स २०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ५० ग्रॅम, दूध ५० ते ६० मिली. पाकिटावरचे घटक एकदा वाचा. मिक्स गोड नसेल तर दोन मोठे चमचे साखर घाला. नुसतं पाणी घालून होणाऱ्या मिक्समध्ये दूध पावडर असते, कधी अंड्याची पावडरही. असं मिक्स असेल तर दूध आणखी जपून घाला.

खरं काम बटरचं. फ्रिजमधून काढल्याकाढल्या त्याचे सेंटीमीटरभर तुकडे करा, मिक्समध्ये टाका आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. तळहात लावायचा नाही, त्याच्या उबेनं बटर वितळतं. बहुतेक चुरा रव्यासारखा झाला आणि मधेमधे वाटाण्याएवढे खडे राहिले की थांबा. हे खडे मुद्दाम ठेवायचे. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. बटर आधीच विरघळलं तर स्कोन फुगण्याऐवजी पसरतात आणि बिस्किटासारखे चपटे होतात.

आता गार दूध. आधी ४० मिली घाला, काट्यानं ढवळा, मग लागेल तसं चमचा-चमचा. मुठीत दाबल्यावर गोळा धरला पण बोटांना फारसा चिकटला नाही की पुरे. कडेला थोडं कोरडं पीठ दिसलं तरी चालेल. मळायचं मात्र अजिबात नाही, मळलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि स्कोन चिवट होतात. त्याऐवजी गोळा थापा, मधोमध कापा, एक भाग दुसऱ्यावर ठेवून दाबा. असं तीनदा. स्कोनच्या कुशीला जी आडवी भेग पडते, ती याच घड्यांमुळे.

शेवटी अडीच सेंटीमीटर जाडीची गोल चकती थापा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापवून घ्या. साध्या स्कोनना २०० ते २२० अंश देतात, पण मिक्समध्ये साखर असली की वरून लवकर करपतं आणि आत कच्चं राहतं.

चकतीचे धारदार सुरीनं सहा त्रिकोण करा. सुरी सरळ खाली दाबा, मागेपुढे ओढली की कापलेले पदर लिंपले जातात आणि स्कोन एका बाजूला कलतो. गोल साचा वापरलात तर तो पिळू नका. शिवाय उरलेलं पीठ पुन्हा थापावं लागतं आणि ते स्कोन जरा घट्टच होतात, म्हणून त्रिकोणच बरे. दूध फक्त माथ्यावर लावा. बाजूनं ओघळलं तर तिथले पदर चिकटतात.

ओव्हनमध्ये १५ ते १८ मिनिटांत वरचा रंग सोनेरी होतो. तळ उचलून पाहा, तोही बदामी हवा. रंग लवकर चढला तर वर फॉइल झाका.

दुसऱ्या दिवशी स्कोन कोरडे पडतात. जास्तीचे करायचे असतील तर कच्चे त्रिकोणच फ्रीजरमध्ये ठेवा आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये घाला. तीन-चार मिनिटं जास्त लागतात.