वाडीतली बदकं आणि दारावरचं गिऱ्हाईक

आमच्याकडे बदकाची अंडी मिळतात हे कळून येणारा नवा माणूस आधी वासाचं विचारतो. "उग्र लागतात म्हणे?" त्याला मी सांगते, वास येतो तो बदकाच्या खाण्यातून. वसईत मासळीला काय तोटा? पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा, कुठल्याही बंदरावर जा, सुक्या मासळीची कुटी स्वस्तात मिळते आणि बदकं तिच्यावर तुटून पडतात. अंडीही भरपूर देतात. पण कुटी प्रमाणाबाहेर गेली की अंड्याला मासळीचा दर्प लागतो, आणि उकडायला ठेवलं की तो घरभर होतो. असं एक अंडं ज्याच्या वाट्याला आलं तो पुन्हा बदकाच्या अंड्याचं नाव काढत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून माझ्याकडे कुटी अगदी थोडी. मुख्य खाणं म्हणजे तांदळाची कणी, कोंडा, भरडलेला मका आणि शिंपल्यांचा चुरा. बाकीचं ती वाडीत शोधतात. केळीच्या बुंध्याशी बसलेल्या गोगलगाई, पाटातले किडे, गांडुळं, बावखलातलं शेवाळ. वसईबाहेरच्यांसाठी सांगते: बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वजांनी खणून ठेवलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. केळी, पानवेली, भाजीपाला, सगळं त्याच्या जिवावर. आता बावखलं भराव टाकून बुजवली जातायत आणि बघता बघता तिथे इमारत उभी राहते. आमचं अजून आहे, म्हणून बदकं आहेत. बदक पोहायच्या पाण्यावाचून जगतं, पण खाताना चोच आणि नाकपुड्या बुडवून धुवायला त्याला पाणी लागतंच. आणि पोहायला मिळालं की त्याची पिसं स्वच्छ राहतात, ते ताजंतवानं दिसतं.

जात खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या एका बाईंनी विसाव्या शतकाच्या तोंडावर तयार केलेली ही जात आता भारतभर पाळतात. नीट खाणंपिणं मिळालं तर वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते. मात्र ही बदकं अंड्यांवर बसत नाहीत. पिल्लं हवी असतील तर गावठी कोंबडीच्या पोटाखाली अंडी ठेवायची आणि एकवीसऐवजी अठ्ठावीस दिवस वाट बघायची. कोंबडी बिचारी पूर्ण निष्ठेने बसते. पिल्लं पहिल्यांदा पाण्यात उतरली की ती काठावरून अशी काही ओरडते की ऐकवत नाही.

सकाळचं काम सांगते, कारण गिऱ्हाइकाच्या हातात पडणारं अंडं कसं निघेल ते तिथेच ठरतं. बदकं बहुतेक अंडी पहाटे घालतात. आठ-नऊच्या आत दार उघडलं तर ती तशीच पळतात आणि मग अंडी केळीत, चिखलात, कधी बावखलाच्या तळाशी. म्हणून तोवर खुराड्यातच. खाली भाताचा पेंढा जाड अंथरलेला असतो. अंडी वर दिसत नाहीत. बदक चोचीने पेंढा ओढून अंडं झाकतं, त्यामुळे हात घालून चाचपावं लागतं. कोमट अंडं बोटांना लागतं, कुठे टरफलाला पीस चिकटलेलं, कुठे पंजाचा मातकट ठसा. काही अंडी पांढरी, काहींवर हिरवट-निळसर झाक. पेंढा ओला असेल तर त्या दिवशीची निम्मी अंडी मळकी निघतात, म्हणून पावसाळ्यात मी पेंढा रोज बदलते. पाठीला त्रास होतो, पण त्याला पर्याय नाही.

गोळा केलेली अंडी दोन-दोन घेऊन एकमेकांवर हलकेच टेकवते. चांगली असतील तर टणक आवाज येतो. केसाएवढी चीर असली तरी आवाज बसका येतो. शंका आली की अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर धरते. चीर गेलेलं अंडं त्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरात. उरलेल्यांवर पेन्सिलीने तारीख, आणि निमुळतं टोक खाली करून मांडणी. कोंबडीच्या अंड्यांचे ट्रे इथे कामाचे नाहीत. हे अंडं सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं, खळग्यात नीट बसत नाही, ट्रे कलला की सगळी घरंगळतात. मी टोपलीत पेंढा घालून ठेवते आणि देताना वर्तमानपत्रात एकेक गुंडाळते.

"धुऊन द्या ना, छान दिसतील." हे फार वेळा ऐकते. नाही देत. टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो बाहेरचे जंतू आत जाऊ देत नाही. पाण्याने तो जातो. शिवाय कोमट अंडं गार पाण्यात बुडवलं तर आतलं आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. मी कोरड्या फडक्याने पुसते. घरी शिजवायच्या आधी खुशाल धुवा.

आणि शिजवा पूर्ण. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. बदक चिखलात वावरतं, त्याच्या अंड्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त धरून चालावं. हाफफ्राय नको, कच्चं फेटून दुधात नको. लहान मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस घरात असेल तर मुळीच नको. कोलेस्टेरॉलचंही सांगून टाकते. वजनाला वजन धरलं तर कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून जास्त. प्रथिनंही एका अंड्यात नऊएक ग्रॅम, पण समोरचे काका हृदयाच्या गोळ्या घेत असतील तर मी त्यांना आधी डॉक्टरांना विचारा म्हणते. परवाच एक काका असे रिकाम्या हाताने परत गेले. जाताना म्हणाले, "सुनेला पाठवतो, तिला केकला लागतात." सून आली.

खरेदीला कोण येतं? सगळ्यात जास्त नालासोपारा-विरारच्या सोसायट्यांतले बंगाली. त्यांना काही समजवावं लागत नाही. एक दादा दर रविवारी येतात, अंडं तळहातावर तोलतात आणि हसतात. उकडून, हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात परतायचं आणि बटाट्याच्या रश्शात सोडायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. मग केरळच्या नर्स मुली. रात्रपाळी संपवून थेट येतात. कुट्टनाडकडे बदकांचे कळपच्या कळप भाताच्या शेतांतून फिरवतात, त्यांतल्या एकीचं बालपण तिथलंच. कांदा भरपूर परतून केलेलं अंडा रोस्ट आणि आप्पम, हा त्यांचा बेत. आमची ख्रिस्ती मंडळी नाताळच्या केकसाठी नेतात, कारण या अंड्याने केक चांगला फुगतो आणि बलक मोठा असल्याने चव भरीव येते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक घरांत नाताळला बदकाचं मोईल, म्हणजे मसालेदार कालवण होतं, त्यासाठी नर मागायलाही येतात. ते आमचे 'हे' बघतात.

मराठी शेजारपाजार मात्र अजून बिचकतो. त्यांना मी दोन अंडी देते, पैसे न घेता, आणि आम्लेट करायला सांगते, आच मंद ठेवून. या अंड्यातला पांढरा भाग घट्ट असतो, मोठ्या आचेवर रबरासारखा होतो, आणि मग नाव अंड्याचं खराब होतं.

भाव एका अंड्याला १८ रुपये. यावर घासाघीस होते. "ताई, कोंबडीचं अंडं तर याहून स्वस्तात येतं!" येतं. पण अंड्यावरचं बदक दिवसाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम खातं, पिसं झडायच्या काळात अंडं देत नाही तरी खातंच. पावसात दमट झालेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मी टाकून देते. बुरशीच्या विषाला बदक कोंबडीपेक्षा फार नाजूक, एका बुरसटलेल्या पोत्याने कळप आडवा होऊ शकतो. डक प्लेग या बदकांच्या रोगाची लस वेगळी. हा हिशेब मी दारातच मांडते. ऐकणारे ऐकतात, आणि १८ देणारे बहुतेक पुन्हा येतात.

स्टेशनजवळच्या दुकानदारांनी दोन-तीनदा विचारलं, रोजची सगळी अंडी उचलतो म्हणाले. मी नाही म्हटलं. तिथे अंडं किती दिवस पडून राहील, उन्हात राहील का, विचारणाऱ्याला काय सांगितलं जाईल, हे माझ्या हातात नाही. माझ्या दारात मला सांगता येतं की हे कालचं, हे परवाचं. गेल्या आठवड्यात पाऊस जास्त झाला, बदकांनी गोगलगाई आणि हिरवं जास्त खाल्लं, म्हणून बलक इतका केशरी. रंग घातलाय का, असं विचारणाऱ्या आजींना मी सरळ वाडीत नेऊन दाखवलं.

बर्ड फ्लूची बातमी आली की मात्र दार ओस पडतं. २००६ साली नवापूरला, २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे, दर वेळी भीती पार इथपर्यंत पोचते. लोकांना दोष देत नाही. बदकात हा विषाणू लक्षणं न दाखवताही असू शकतो, म्हणून अशा काळात मी बदकं बाहेरच्या पक्ष्यांपासून जमेल तेवढी दूर ठेवते, एखादं मरगळलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवते, आणि दोन दिवस विक्री थांबवायची वेळ आली तरी थांबवते. पूर्ण शिजवलेल्या अंड्यातून तो पसरत नाही हे सांगते, पण नको म्हणणाऱ्याला आग्रह करत नाही.

आता नाताळचं. दिवस लहान झाला की बदकं अंडी कमी करतात. संध्याकाळी खुराड्यात बल्ब लावून थोडा उजेड वाढवते, तरी मागणी पुरी होत नाही. केकसाठी हवी असतील त्यांनी नोव्हेंबर संपायच्या आत सांगून ठेवा. रविवारचे नेहमीचे बंगाली आणि नर्स मुली यांची अंडी मी बाजूला काढणार, ती कुणी मागू नये. येताना कडक डबा आणा, पिशवीत फुटतात. आणि सकाळी नऊनंतर या. त्याआधी मी खुराड्यात असते.