तू त्याचा कोण?

तालमीतल्या एका पोराच्या वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "तू त्याचा कोण?" मी गप्प बसलो. त्यांचं गाव शाहूवाडीकडचं, माझं कागलकडचं. नात्यागोत्याचा संबंध नाही. मी सकाळी तालमीत मेहनत करतो आणि नऊला गोकुळ शिरगावला कामावर जातो. पण तालमीत राहणारी पोरं मला दादा म्हणतात. दादा म्हटलं की काही गोष्टी न सांगता अंगावर पडतात.

पोरगं आलं तेव्हा दहा वर्षांचं होतं. पहिले आठ दिवस रात्री पत्र्याच्या ट्रंकेला टेकून मुसमुसायचं. लंगोटही बांधता यायचा नाही. मीच मागनं गाठ मारून द्यायचो. मी राहायला आलो तेव्हा साताऱ्याकडच्या एका थोरल्या पैलवानानं माझ्या शेजारी आपली वळकटी टाकली होती, काही न बोलता. तेवढ्यानं मला झोप लागायला लागली. तेच मी याच्यासाठी केलं.

आता ते तेरा वर्षांचं आहे. उन्हाळ्यात स्पर्धा होती, 41 किलोत नाव दिलेलं. आदल्या दिवशी काट्यावर 42 किलो 800 भरलं. दुपारी मी रंकाळ्यावरनं जात होतो, तर शालिनी पॅलेसच्या बाजूला हे एकटंच पळतंय. अंगात प्लास्टिकचा रेनकोट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. हातात रिकामी बाटली, दर चार पावलांना तिच्यात थुंकायचं. ओठ पांढरेफटक पडलेले. मी गाडी लावली, हात धरला. रेनकोटाच्या बाहीतनं घामाची धार माझ्या मनगटावर आली. पोराच्या पायात गोळे आले होते.

"पाणी कधी प्यालास?"

"काल सकाळी, दादा. 100 ग्रॅमनं पण बाहेर काढत्यात."

2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं काय झालं ते तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण ती ऑलिंपिकची फायनल होती. हे वाढीच्या वयातलं पोरगं, आणि काट्यावर उतरलेलं ते सगळं अंगातलं पाणी. पाणी आटलं की रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो. प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही, त्यामुळं अंग थंडच होत नाही. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेजांत रबरी सूटवर बंदी आली. आपल्याकडं कुणीतरी थोरला सांगतो, "एक दिवस कळ काढ," आणि पोरं ऐकतात. ज्यानं याला सांगितलं त्याच्याशी मी त्याच संध्याकाळी भांडलो. आवाज चढला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

मी चेन खाली ओढली, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पोरगं रडत पीत होतं. स्पर्धा हुकली. रात्री वडिलांचा फोन आला. त्यांचाही राग मला कळतो. दोन म्हशींच्या दुधावर पोराचा खुराक चालवतात ते.

ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. पोरगं पंधरा दिवस फुगून होतं, मग एका पहाटे कुस्तीच्या हौदातली माती खोऱ्यानं उकरता उकरता म्हणालं, "दादा, लढतीला येतोस?"

आता रोज सकाळी त्याचं वजन मी भिंतीवर खडूनं लिहितो. आज 43 किलो 400. पुढच्या स्पर्धेला नाव 44 किलोत दिलंय.