आधी चालीचे गाव विचारा

सुवर्णमहोत्सव असो की अमृतमहोत्सव, आपल्या शाळेतला कुठलाही सोहळा प्रार्थनेच्या गीताशिवाय सुरू झालेला नाही. त्या गीतांत दोन घराणी होती. एक सातासमुद्रांपलीकडून आलेल्या चालींचे, दुसरे इथल्या मातीतल्या भजनांचे. दोन्ही मराठी ख्रिस्ती गीतांच्या एकाच पुस्तकात, ‘उपासना संगीता’त, शेजारी शेजारी छापलेली, म्हणून आपण ती एकाच पद्धतीने गात राहिलो. या स्मरणिकेत लिहायचे ते त्याबद्दलच. चाल कुठल्या गावची आहे हे कळल्याशिवाय ती नीट म्हणता येत नाही.

साताऱ्याच्या मुलांनी सुरुवात भजनांपासून करावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच उभा केला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते स्वतः सांगत. हे नुसते भावनेपोटी म्हटलेले नाही, त्यांच्या रचनेतही ते दिसते. मोठ्या अभंगाचे चार खंड असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे. ‘सुंदर ते ध्यान। उभे विटेवरी। कर कटावरी। ठेवोनिया॥’ बोटांवर मोजा, ६-६-६-४ भरतात. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच खंड: ‘जे का रंजले गांजले। त्यासी म्हणे जो आपुले॥’ टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती याच साच्यांत ओतली, म्हणून त्यांची गीते मंडळीला शिकवावी लागत नाहीत. चार अक्षरांचा शेवटचा खंड आला की सगळे आपोआप थांबतात, श्वास घेतात आणि ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, परततात. मराठी छंदातली ख्रिस्ती रचना त्यांच्याही बरीच आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्याकडे छापले गेले, तेही ओवीतच.

आता परदेशी चाली. बायबलच्या स्तोत्रांसाठीची ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल १५५१ च्या जिनिव्हातली, म्हणजे पावणेपाचशे वर्षांची. तिच्या चार ओळी, प्रत्येकी आठ अक्षरांच्या. आठ म्हटल्यावर वाटते, छोटा अभंगच की! गफलत होते ती इथे. इंग्रजी ओळीत पहिले अक्षर हलके आणि दुसरे जोराचे असते, चालही त्याच हिशोबाने बांधलेली. मराठीत शब्दाच्या पहिलेच अक्षर गुरू, म्हणजे दीर्घ उच्चाराचे, असेल तर ठोका तिथे पडला पाहिजे. ‘येशू’ हे नाव अशा चालीच्या तोंडाशी आले की ‘ये’ चोरट्यासारखा निसटतो आणि सगळा भार ‘शू’वर पडतो. शब्द बरोबर असूनही कानाला खुपते ते यामुळे. उपाय सोपा आहे. ओळीच्या आधी ‘हे’, ‘जो’, ‘तो’ असे एकाक्षरी पद ठेवायचे, म्हणजे ‘ये’ ठोक्यावर येतो. त्या बदल्यात ओळीतले एक अक्षर कमी करायचे, नाहीतर नऊ होतात. चांगल्या भाषांतरकारांनी हे केलेले आहे. ज्या ओळी म्हणताना जीभ अडखळते, तिथे बहुधा ते राहून गेलेले असते.

सगळ्याच परदेशी चाली अशा नाहीत. वेल्समध्ये कोळशाच्या खाणींच्या भागात जॉन ह्यूज यांनी १९०७ साली ‘कूम रोंदा’ बांधली. तिच्या ओळी आठ-सात अक्षरांच्या आणि त्या जोराच्या अक्षरापासूनच सुरू होतात. मराठी शब्द तिच्यावर अलगद बसतात. शेवटची ओळ पुन्हा म्हणताना चाल वर चढत जाते, म्हणून मराठीत ती ओळ दोनदा म्हणण्याजोगी हवी. तिथे ‘आणि’ने जोडलेले अर्धे वाक्य आले तर चढण फुकट जाते.

आपल्या तबल्याशी सहज जमते ती ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल. शब्द इंग्लंडच्या जॉन न्यूटन यांचे, १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिलेले. आज म्हणतो ती चाल मात्र अमेरिकेच्या दक्षिण भागातली, त्या शब्दांना ती १८३५ साली जोडली गेली. स्वर पाचच: सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचे. वजन तीन-तीनचे, तेव्हा सहा मात्रांचा दादरा ताल चालतो. मात्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरुवात करायची नाही. पहिले अक्षर सहाव्या मात्रेवर, दुसरे समेवर. आठ अक्षरांची ओळ दोन आवर्तनांत बसते. सहा अक्षरांच्या ओळीलाही दोनच आवर्तने लागतात, कारण तिचे शेवटचे अक्षर पाच मात्रा धरायचे असते. वर्गच्या वर्ग तिथेच चुकतो. दोन मात्रांत अक्षर सोडून मुले पुढची ओळ उचलतात आणि तबलजीची सम हातची जाते. शिकवताना ते लांब अक्षर बोटावर मोजायला लावावे, ‘दोन-तीन-चार-पाच’ असे मनात म्हणून.

पेटीवर वेगळीच चूक होते. चर्चच्या पुस्तकात चार आवाजांची स्वरलिपी असते आणि खालचे स्वर गाणे उचलून धरतात. परदेशी चालीला ते शोभते. पण भूपातल्या देशी भजनाला कुणी म-ध-सां असे तीन स्वर एकदम दाबले, तर मध्यम आला आणि भूप गेला. देशी चालीला पेटीने फक्त चालीचा माग धरावा, भाता सावकाश हलवावा, डाव्या हाताने फार तर सा-प. सोबतीला तंबोरा असेल तर आणखी जपावे. मिरजेचा चांगला तंबोरा जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो. पेटीचा ग त्याहून जरासा चढा असतो, म्हणून ग वर थांबायच्या जागी पेटी हळू करून गळ्याला वाव द्यावा.

सांगलीकडची गीते म्हटली की साकी आणि दिंडी आठवतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभे केले, हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी ते संगीताने भरले, आणि तिथल्या कानाला ही वृत्ते सवयीची झाली. ख्रिस्ती कीर्तनातही ती हक्काने येतात. दिंडी एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा अशी तुटते. नऊवर किंचित थांबावे, पण श्वास सोडू नये. साकी सोळा-बारा मात्रांची, कथेचा धागा ओढायला बरी.

महोत्सवाच्या दिवशी मैदानात तीन पिढ्या एकदम गाणार, तेव्हा षड्ज, म्हणजे सा, आधीच ठरलेला बरा. पेटीची काळी चार पट्टी धरली तर बायकांना आणि लहान मुलांना ठीक, पण दुसऱ्या कडव्यात पुरुष गप्प बसतात, कारण तार षड्ज त्यांच्या आवाक्याबाहेर जातो आणि खालच्या सप्तकात आवाज पोहोचत नाही. पांढरी दोन किंवा काळी दोन सगळ्यांना पेलते. म्होरक्याने ध्रुपद एकट्याने एकदा म्हणावे, मग सर्वांनी दोनदा. झांज पहिल्या कडव्यानंतर उचलावी. ती आधी वाजली की लय पळते, आणि पळालेली लय हजार माणसांच्या घोळक्यात परत आणता येत नाही. दुगण, म्हणजे दुप्पट लय, शेवटच्या ध्रुपदालाच, तीही तबलजीने म्होरक्याच्या तोंडाकडे बघून.