आयईटीएफमध्ये मसुदा शेवटपर्यंत नेताना : माझा अनुभव

“भारताच्या वतीने सही कोण करतं?” आमच्या कंपनीच्या कायदा विभागाने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मोबाइल नेटवर्कच्या कोअर टीममध्ये काम करतो, आणि इंटरनेटची तांत्रिक मानकं जिथे लिहिली जातात त्या आयईटीएफकडे एक छोटा मसुदा पाठवायची परवानगी मागत होतो. उत्तर सोपं होतं, पण ते पटवायला वेळ लागला : कोणीच नाही. आयईटीएफला सभासद नाहीत, शिष्टमंडळं नाहीत, देशाला मत नाही. जो येतो तो स्वतःच्या नावाने येतो आणि स्वतःच्या नावाने लिहितो. अट एकच. मसुद्यातल्या गोष्टीवर आपलं किंवा कंपनीचं पेटंट असल्याचं माहीत असेल तर ते उघड करायचं. कायदा विभागाने खरा वेळ घेतला तो याच कलमावर, आणि ते योग्यच होतं.

आता मसुदा कशाबद्दल होता ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये ग्राहकाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जीटीपी नावाच्या बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्या पॅकेटच्या वेष्टनातून, जातं. हा बोगदा पॅकेटला स्वतःचे हेडर (पुढे लावलेली पत्ता वगैरे माहिती) जोडतो : आयपीव्ही४ चे २०, यूडीपीचे ८ आणि जीटीपीचे ८, म्हणजे किमान ३६ बाइट. वाटेत कुठे १५०० बाइटचीच मर्यादा असेल, तर सर्व्हरने पाठवलेलं पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट त्यात मावत नाही. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, मधला राउटर पॅकेट तोडत नाही. तो पाठवणाऱ्याला ‘पॅकेट टू बिग’ असा आयसीएमपीव्ही६ संदेश (नेटवर्कमधली अडचण कळवणारा) पाठवतो आणि पाठवणारा पुढची पॅकेटं लहान करतो. पण कित्येक सर्व्हरसमोरच्या फायरवॉलवर ‘आयसीएमपी सगळं बंद’ असा नियम लावलेला असतो. तो संदेश दारातच मरतो. ग्राहकाला काय दिसतं? कनेक्शन जुळतं, लहान उत्तरं येतात, आणि मोठं काही यायला लागलं की चक्र फिरत राहतं. तक्रार मात्र नेटवर्कवाल्याच्या नावाने येते. टीसीपी आणि यूडीपी या डेटा नेण्याच्या दोन पद्धती. टीसीपीसाठी आम्ही एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी करून वेळ मारून नेतो, पण यूडीपीवर चालणाऱ्या व्हीपीएनना त्याचा काही उपयोग नाही. हा प्रकार कसा ओळखायचा आणि कोणत्या टोकाला काय करायचं, एवढंच आम्हाला लिहून ठेवायचं होतं.

मसुदा पाठवणं हा सगळ्यात सोपा भाग. ठरलेल्या साच्यात लिहा, संकेतस्थळावर चढवा, काही मिनिटांत तो सगळ्या जगाला दिसतो. नावाच्या शेवटी ‘००’ लागतं. सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही तर त्याची मुदत संपते. असे मुदत संपलेले मसुदे हजारोंनी पडले आहेत, आणि त्यांत आपल्याकडच्या इंजिनिअरांचेही आहेत. मी सुरुवातीलाच ते चाळले. कल्पना चांगल्या होत्या. लेखकाने ‘००’ पाठवून वाट पाहिली, कोणी काही बोललं नाही, विषय संपला.

म्हणून आमचा मसुदा पाठवण्याआधी मी संबंधित वर्किंग ग्रुपच्या, म्हणजे त्या विषयावर काम करणाऱ्या गटाच्या, मेलिंग लिस्टवर इतरांचे मसुदे वाचून त्यांवर लिहायला लागलो. हे मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं होतं : “आधी चार लोकांचं काम वाच, मग तुझं वाचायला कोणीतरी असेल.” त्यांचं म्हणणं अगदी खरं ठरलं. एका मसुद्यात मोबाइल नेटवर्कचा उल्लेख होता आणि त्यातली गृहीतकं आमच्यासारख्या नेटवर्कला लागू होत नव्हती. मी आकडे देऊन तसं लिहिलं. लेखकाने दोन दिवसांत परिच्छेद बदलला आणि आभार मानले. पुढे आमच्या मसुद्यावर पहिला सविस्तर रिव्ह्यू त्यांचाच आला.

त्या रिव्ह्यूतला आक्षेप कडक होता. फायरवॉलने कोणते आयसीएमपीव्ही६ संदेश जाऊ द्यावेत हे २००७ च्या आरएफसी ४८९० मध्ये (आरएफसी म्हणजे मसुदा पक्का झाल्यावर निघणारा क्रमांकित दस्तऐवज) लिहिलेलंच आहे, वाटेवरचा एमटीयू (मावेल असा पॅकेटचा कमाल आकार) शोधण्याची पद्धत २०१७ च्या आरएफसी ८२०१ मध्ये आहे. मग नवीन काय? लिस्टवर पाठोपाठ तिघाचौघांनी हाच सूर धरला. इथे वाद घालून काही मिळत नाही. आम्ही मोजमाप केलं. आमच्या नेटवर्कमधून ठिकठिकाणच्या सर्व्हरांकडे मोठी उत्तरं मागवली, कुठे संदेश पोचतो आणि कुठे अडतो ते नोंदवलं, ग्राहकांशी जोडता येईल असं काहीही त्यातून काढून टाकलं आणि पद्धत उघड केली, म्हणजे दुसऱ्यालाही तेच करून पाहता यावं. दुसऱ्या खंडातल्या एका नेटवर्कवाल्याने खरंच करून पाहिलं. त्याचे निष्कर्ष जुळले आणि चर्चेची दिशा बदलली.

मार्च २०२५ ची बैठक बँकॉकला होती, आयईटीएफची १२२ वी. बैठका वर्षातून तीन, मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये. ऑनलाइनही बोलता येतं, पण ही त्यातल्या त्यात जवळ म्हणून मी गेलो. बॅजवर नाव आणि संस्था, देश कुठेच नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत आयटीयूची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेची, जागतिक दूरसंचार मानकीकरण सभा झाली होती. तिथे देशांच्या नावाच्या पाट्या असतात, सरकारी भूमिका असते, देशाला मत असतं. आपल्याकडे ‘मानकांत भारताचा सहभाग’ म्हटलं की डोळ्यांसमोर तेच दालन येतं. ते महत्त्वाचं आहेच. पण ज्या टीसीपी, एचटीटीपी आणि टीएलएसवर आपला सगळा दिवस चालतो, त्यांचे नियम या दुसऱ्या, पाट्या नसलेल्या खोलीत ठरतात, आणि तिथे भारतातून बोलणारे आपल्या वापरकर्त्यांच्या संख्येच्या मानाने फारच थोडे आहेत.

मला दहा मिनिटं मिळाली. प्रश्नांची रांग माइकपाशी लागली, नंतर चेअरने हमिंग घेतलं : हा मसुदा गटाने स्वीकारावा असं वाटणाऱ्यांनी गुणगुणायचं, मग न वाटणाऱ्यांनी. हात वर करून मोजणी न करण्यामागे विचार आहे. किती डोकी बाजूने यापेक्षा उरलेल्या आक्षेपाला उत्तर मिळालं का, हे इथे बघतात. खोलीतला कौलही अंतिम नसतो. तो लिस्टवर पुन्हा विचारला जातो, म्हणजे प्रवासाचा खर्च न झेपणाऱ्यालाही तेवढाच हक्क राहतो. ही व्यवस्था मला मनापासून आवडते.

गटाने स्वीकारल्यावर मसुदा आपला राहत नाही. आपण फक्त त्याचे संपादक. फायरवॉलने हा संदेश ‘जाऊ द्यायलाच हवा’ की ‘जाऊ द्यावा’, यावर कित्येक आठवडे गेले. दोन्हींत फरक मोठा आहे : पहिलं लिहिलं की तसं न करणारं उपकरण मानकाबाहेर जातं. अखेर ‘जाऊ द्यावा’ ठरलं आणि न जाऊ देण्याला कोणती कारणं चालतील तेही खाली लिहिलं.

मग गटाचा लास्ट कॉल (शेवटचे आक्षेप मागवणं), मग साऱ्या आयईटीएफचा, आणि शेवटी आयईएसजी, म्हणजे अंतिम मंजुरी देणारं मंडळ. तिथल्या एका एरिया डिरेक्टरने, म्हणजे मंडळाच्या एका सदस्याने, ‘डिस्कस’ नावाचा आक्षेप लावला. त्याचं समाधान होईपर्यंत मसुदा पुढे सरकत नाही. प्रश्न सुरक्षेचा होता : संदेश जाऊ दिले, तर कोणी खोटा ‘पॅकेट टू बिग’ पाठवून कनेक्शन मुद्दाम मंद करणार नाही का? रास्त शंका. आम्ही दोन गोष्टी स्पष्ट केल्या. संदेशासोबत परत आलेला मूळ पॅकेटचा तुकडा आपल्या चालू कनेक्शनशी जुळतो का ते पॅकेट पाठवणाऱ्या यंत्राने तपासावं; आणि १२८० बाइटच्या खाली, म्हणजे आयपीव्ही६ च्या किमान मर्यादेच्या खाली, पॅकेटचा आकार कधीच आणू नये. डिस्कस उठला. त्या परिच्छेदामुळे मसुदा खरोखर सुधारला असं मला आजही वाटतं.

शेवटचा टप्पा ‘ऑथ ४८’, म्हणजे लेखकांची अखेरची तपासणी. नावात ४८ तास आहेत, प्रत्यक्षात आठवडे जातात. आरएफसी संपादकांनी स्वल्पविरामापर्यंत प्रश्न विचारले आणि प्रत्येक लेखकाने स्वतंत्र मेलने संमती दिल्यावरच आरएफसी प्रसिद्ध झाला. एकदा छापलेला आरएफसी बदलत नाही. चूक निघाली तर शुद्धिपत्राची नोंद होते, फार बदलायचं असेल तर नवा आरएफसी.

हे सगळं मी नोकरीच्या वेळेत करू शकलो, कारण माझ्या वरिष्ठांनी ते काम म्हणून धरलं. सरकारने आणि कंपन्यांनी द्यायला हवं ते हेच. एका बैठकीचं विमानाचं तिकीट नको, पण आठवड्यातले काही तास आणि तेही वर्षानुवर्षं. कॉलेजच्या मुलांना तर परवानगीचीही गरज नाही. लिस्टवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, मसुदे आणि आरएफसी फुकट वाचता येतात, ऑनलाइन बैठकीचं शुल्क परवडत नसेल तर माफी मागता येते. ज्या विषयातलं चालू नेटवर्क किंवा चालू कोड आपल्या हाताखाली आहे असा एक गट निवडा, तिथला एक मसुदा पूर्ण वाचा, आणि जे आपल्या इथे तसं घडत नाही ते आकड्यांसह लिहून पाठवा.