सह्याद्रीतील निसर्गचित्रणासाठी फिल्टरची निवड

मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मवर, निसर्गचित्रण करणाऱ्याने फिल्टर घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे: या फिल्टरचा परिणाम नंतर स्कॅन केलेल्या चित्रात साधता येईल का? येत असेल, तर तो विकत घेऊ नये. मामिया आरबी६७ सारखा कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन गड चढणाऱ्याला पाठीवरचे ओझे वाढवणे परवडत नाही आणि १२० प्रकारच्या फिल्मच्या एका रोलवर ६×७ सेंमीच्या दहाच फ्रेम मिळत असल्याने सर्व निर्णय शटर दाबण्यापूर्वीच व्हावे लागतात.

या कसोटीवर पहिला मान पोलरायझरचा. आकाश गडद निळे करणारा फिल्टर अशी त्याची ओळख असली, तरी श्रावणातल्या सह्याद्रीत निळे आकाश क्वचितच दिसते आणि पोलरायझरचे खरे काम जमिनीवर असते. ढगाळ दिवशी ओल्या पानावर आकाशाचे पांढुरके प्रतिबिंब पसरलेले असते. फोकसिंग स्क्रीनवर असे एखादे पान हेरून फिल्टर सावकाश फिरवावा. एका ठिकाणी ती चकाकी ओसरते, पानाच्या शिरा दिसू लागतात आणि हिरवा रंग भरून येतो. चकाकी फिल्मवर उमटली, की तिच्याखालचा रंग नोंदलाच जात नाही, त्यामुळे नंतर कितीही खटपट केली तरी तो परत मिळत नाही. ओल्या कातळाचेही तसेच आहे. मात्र तिथे मी चकाकी पूर्णपणे घालवत नाही, कारण थोडी चमक राहिली नाही तर काळा बेसाल्ट निर्जीव दिसतो.

आरबी६७ च्या बॉडीत प्रकाश मोजणारा मीटर नसल्याने पोलरायझरसाठी दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) स्वतःच वाढवावे लागतात. त्याच कारणाने या कॅमेऱ्याला साधा लिनिअर पोलरायझर पुरतो. सर्क्युलर प्रकाराची गरज कॅमेऱ्यातल्या मीटरला आणि ऑटोफोकसला असते. बहुतेक लेन्सना ७७ मिमीचाच थ्रेड असल्याने एका फिल्टरमध्ये काम भागते, ही या कॅमेऱ्याची मोठी सोय आहे. हॅसलब्लाडच्या जुन्या लेन्सना बी५० किंवा बी६० बेयोनेट (थ्रेडऐवजी अडकवायची जोडणी) असते आणि तिथे अ‍ॅडाप्टर रिंगचा खर्च आधीच धरावा लागतो. एक सावधगिरी मात्र हवी: इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवीकृत असतो आणि पोलरायझर चुकीच्या कोनात फिरवल्यास इंद्रधनुष्य चित्रातून जवळजवळ नाहीसे होते.

दुसरा क्रमांक ग्रॅज्युएटेड एनडीचा, म्हणजे वरचा अर्धा भाग गडद आणि खालचा पारदर्शक असलेल्या फिल्टरचा, आणि तोही स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांसाठीच. निगेटिव्ह फिल्म उजळ आकाश बऱ्यापैकी सांभाळून घेते. फुजीच्या वेल्विया ५० या स्लाइड फिल्मला मात्र साधारण पाच स्टॉपांपलीकडचा फरक पेलत नाही, म्हणून स्पॉट मीटरने आकाश आणि जमीन वेगवेगळी मोजूनच दोन स्टॉपांचा की तीन स्टॉपांचा फिल्टर हे ठरवावे. हार्ड (गडद भागाची कडा ठळक) की सॉफ्ट (कडा हळूहळू विरणारी) हा निर्णय समोरच्या क्षितिजावर सोपवावा. गुहागरच्या किनाऱ्यावर समुद्राची रेघ सरळ असते, तिथे हार्ड ग्रॅड चपखल बसतो. संध्याकाळी रायलिंग पठारावरून लिंगाणा टिपताना तोच फिल्टर सुळक्याचा माथा काळा करून टाकतो, म्हणून तिथे दोन स्टॉपांचा सॉफ्ट ग्रॅड वापरून आकाश थोडे उजळ राहू देणे मी पसंत करतो. फिल्टर होल्डरमध्ये सरकवताना अ‍ॅपर्चर प्रीव्ह्यूने लहान करूनच पाहावे, कारण उघड्या लेन्समधून पुसट दिसणारी सीमारेषा एफ/२२ वर ठळक होते.

दहा स्टॉपांचा एनडी, म्हणजे सगळीकडे सारखाच प्रकाश अडवणारा फिल्टर, घ्यायचा असेल, तर फिल्म आधी ठरवावी, कारण लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटते. १/१५ सेकंदाचे एक्स्पोजर त्याने ६८ सेकंदांवर जाते. फुजीच्याच प्रोव्हिया १००एफ फिल्मला १२८ सेकंदांपर्यंत त्यासाठी कोणतीही दुरुस्ती लागत नाही, तर वेल्विया ५० साठी ६४ सेकंदांचे एक्स्पोजर फुजी स्वतःच सुचवत नाही.

कृष्णधवल फिल्मसाठी रंगीत फिल्टर अपरिहार्य आहेत, कारण दृश्यातले रंग एकदा करड्या छटांमध्ये उतरले, की ते नंतर वेगळे काढता येत नाहीत. नाट्यमय आकाशासाठी लाल फिल्टरची शिफारस सर्रास केली जाते. पावसाळ्यात मी ती मानत नाही. लाल फिल्टर हिरवा प्रकाश अडवतो, त्यामुळे गवताने भरलेला डोंगर आणि त्यातला काळा कातळ एकाच गडद छटेत मिसळून जातात. पिवळसर हिरवा, म्हणजे ११ क्रमांकाचा फिल्टर गवत उजळ ठेवतो आणि कातळाच्या थरांच्या आडव्या रेषा स्पष्ट उठून दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून सोनेरी झाले आणि दऱ्यांमध्ये निळसर धूसरपणा साचला, की नारिंगी फिल्टर काढावा: तो तो धूसरपणा कापतो, वाळलेले गवत उजळवतो आणि दूरच्या डोंगररांगा एकामागून एक सुट्या दिसू लागतात. लाल फिल्टरला तीन स्टॉप द्यावे लागतात, नारिंगीचे काम साधारण दोन स्टॉपांत होते आणि वाऱ्याने डोलणारे गवत अग्रभागी असेल, तर वाचलेला तो एक स्टॉप फार मोलाचा ठरतो.