कोपऱ्यातले ठिपके

"ओरखडे पडलेत, काच बदलूनच टाका ना, नवी मिळते की," गाडीचा मालक म्हणाला आणि कारागिराने काही न बोलता दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

जॅग्वार ई-टाइप, 1960च्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार. कोपऱ्यात ट्रिप्लेक्स या काच बनवणाऱ्या कंपनीचा बारीक मार्क आणि त्याच्या आसपास ठिपके, त्या ठिपक्यांवरून काच कोणत्या वर्षी बनली ते काढता येतं. म्हणजे ही काच गाडीसोबतच कारखान्यातून बाहेर पडलेली असू शकते!

मग कारागीर सिरियम ऑक्साइडची (काच घासून चकचकीत करायच्या पावडरची) पेस्ट आणि फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, पॅड घेऊन बसला, मधेमधे पाणी मारत, काच तापू न देता. बारीक चरे जातात असे. पण नख अडकेल इतका खोल ओरखडा घासत बसलं तर तिथे खड्डा पडतो आणि पलीकडचं सगळं लहरी लहरी दिसतं. आणि दाराची काच टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, असते, ती नंतर कापता येत नाही, त्यामुळे नवी घ्यायची तर नेमक्या मापाचीच लागते.

पुढची लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काच कडेने दुधाळ झाली असेल, थर सुटत असतील, तर ती मात्र बदलावीच, तिथे हट्ट नको, समोरचं नीट दिसायलाच हवं.

पण दाराची? ओरखड्यासकट मूळ ठेवाल की स्वच्छ नवी बसवाल?